१९७७ चा ‘ट्रॅव्हलर’ आज मित्रांबरोबर खेळायचा, तर नियम बदलावेत का?

तुम्ही लिहिलंय की मामांच्या सामानात ‘ट्रॅव्हलर’चा, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन टेबलाभोवती बसून खेळायच्या अंतराळ-साहसांच्या खेळाचा, काळा खोका सापडला, आत तीन पातळ पुस्तकं आहेत, आणि आता कॉलेजच्या मित्रांना घेऊन तो खेळायचा आहे. खेळ इतका जुना, तर नियम बदलून घ्यावेत का, आणि तो टिकावा म्हणून आपल्याला काही करता येईल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी गेली सहा वर्षं हा खेळ चालवतेय, म्हणजे खेळाडूंना कथा आणि प्रसंग सांगतेय. पहिले काही महिने तरी एकही नियम बदलू नका, असं मी अगदी आग्रहानं सांगेन.

याचं कारण या खेळाच्या इतिहासातच आहे. मार्क मिलर आणि जीडीडब्ल्यू या अमेरिकी कंपनीनं तो १९७७ मध्ये काढला. साधे सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी, बहुतेकदा आठ, किंवा जास्त आली की काम फत्ते, एवढाच त्याचा कणा. पुढे खेळात नवा जीव ओतायचा म्हणून १९८७ च्या ‘मेगाट्रॅव्हलर’ या आवृत्तीत खेळाच्या कथेतल्या तारा-साम्राज्याच्या सम्राटाचा खून झाला आणि साम्राज्यात यादवी पेटली. १९९३ च्या आवृत्तीत तर एका व्हायरसनं ते साम्राज्यच धुळीला मिळवलं, आणि दोन फासे जाऊन वीस बाजूंचा फासा आला. ज्या घरात लोक पंधरा वर्षं रमले होते ते पाडून नवं बांधायला घेतलं होतं. १९९६ मध्ये जीडीडब्ल्यू बंद पडली. कंपनी बंद पडायला इतरही कारणं असतात, पण जुने खेळाडू त्या आवृत्तीपासून तुटले हे खरं. १९९८ मध्ये दुसऱ्या एका प्रकाशकानं खेळ काढला तेव्हा त्यात सम्राटाचा खून झालेलाच नाही, असं धरून कथा पुढे नेली होती. आणि २००८ मध्ये ब्रिटनच्या मंगूज पब्लिशिंगनं तेच दोन फासे आणि तोच आठचा आकडा परत आणला. ती धारा आजही चालू आहे.

आता तुमच्या टेबलाचं बघू. पहिल्या दिवशी नियम वाचून दाखवू नका. मी तसं केलं होतं आणि दोन तासांनी चारातले दोघं उठून गेले. आधी खोक्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचा. ‘बियोवुल्फ’ नावाचं मालवाहू जहाज मदतीसाठी हाका मारतंय, इंजिन गेलंय, केबिनमधली हवा संपत चाललीय. चित्र नाही, नुसते शब्द आहेत. मग फासे हातात द्या आणि त्या दिवशी फक्त पात्रं तयार करा.

हा या खेळातला सगळ्यात सुंदर भाग आहे. पात्र अठराव्या वर्षी नोकरीला लागतं, दर चार वर्षांची एक टर्म, आणि प्रत्येक टर्ममध्ये जिवंत राहण्यासाठी फासे टाकायचे. स्काउटमध्ये, म्हणजे अंतराळात टेहळणी करणाऱ्या दलात, सात किंवा जास्त लागतात, म्हणजे छत्तीसपैकी एकवीस शक्यता तुमच्या बाजूनं. जितक्या टर्म जास्त, तितके निवृत्तीच्या वेळी फासे जास्त, आणि त्यातल्या एखाद्या फाशावर सहा पडले तर स्काउटला जहाज मिळतं. आमच्यातल्या एकाला ते जहाज हवंच होतं. तीन टर्म झाल्या, सगळे म्हणत होते, आता थांब. त्यानं जिवंत राहण्यासाठी चौथ्यांदा फासे टाकले. चार आणि दोन. सहा. सातला एक कमी, पात्र मेलं. कोणी काही बोललंच नाही. त्यानं तो कागद उलटा करून बाजूला ठेवला, दुसरा घेतला आणि वर लिहिलं, ‘त्याची बहीण’. ती व्यापारी जहाजांवर नोकरीला लागली. भाऊ नेमका कुठे आणि कसा गेला, याच शोधावर आमचा पुढचा दीड वर्षाचा खेळ चालला. हा नियम क्रूर वाटतो म्हणून मी आधीच काढून टाकला असता, तर ती बहीण जन्मालाच आली नसती. (१९८१ च्या आवृत्तीत मरण्याऐवजी जखमी होऊन दोन वर्षांत बाहेर पडायचा पर्याय दिलाय. अगदीच कोणी हिरमुसलं तर तो वापरा.)

बाकी गोष्टी आपल्या लोकांना पटकन कळतात. फ्री ट्रेडर या छोट्या व्यापारी जहाजाची किंमत सुमारे ३ कोटी ७० लाख क्रेडिट (खेळातलं चलन), दरमहा हप्ता किमतीच्या २४० व्या भागाइतका, आणि असे ४८० हप्ते. म्हणजे चाळीस वर्षं महिन्याला दीड लाखाच्या वर. घराचं कर्ज फेडणाऱ्या माणसाला यातलं नाट्य समजावून सांगावं लागत नाही. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारायला आठवडा लागतो आणि बातमी जहाजाच्या आधी पोचू शकत नाही. मी खेळणाऱ्या मुलांना पानिपताची आठवण करून देते. रणात सगळं संपून गेलं तरी नानासाहेबांना कित्येक दिवस पत्ता नव्हता. मग सीमेवरच्या युद्धाची जुनी बातमी घेऊन बंदरात उतरणं म्हणजे काय, हे त्यांना बरोबर कळतं.

टिकवण्याबद्दल. त्या पुस्तकांच्या पिना आपल्या पावसाळ्यात गंजतात, म्हणून मूळ प्रती प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि टेबलावर कोष्टकांच्या झेरॉक्स वापरा. मित्रांना पुस्तकं हवी असतील तर पीडीएफ विकत घ्यायला सांगा, स्कॅन वाटू नका. खेळ जिवंत ठेवणारे लोक त्याच पैशावर काम करतात. ‘ट्रॅव्हलर मॅप’ या संकेतस्थळावर साम्राज्याचा नकाशा ग्रहागणिक पाहता येतो. स्वतःची साहसं लिहून छापायची असतील तर २०१६ चं ‘सेफियस इंजिन’ हे नियमांचं पुस्तक बघा. ते मंगूजनं खुल्या परवान्याखाली दिलेल्या नियमांवर उभं आहे, त्यामुळे त्याच्या आधारे मराठीतही लिहिता येईल. फक्त साम्राज्याची, तिथल्या घराण्यांची नावं वापरू नका, ती खुली नाहीत. स्वतःचं आकाश स्वतः आखा. आठ बाय दहा घरांचा तक्ता, प्रत्येक घराला एक फासा, चार किंवा जास्त पडले तर तिथे ग्रह. एका संध्याकाळचं काम आहे.

फासे ल्यूडोच्या डब्यातले चालतील. आमचे तेच आहेत. बहिणीचं वय आता बेचाळीस आहे, आणि जहाजाच्या ४८० हप्त्यांपैकी ३१ फेडून झालेत.