सिंगापूरमध्ये मतमोजणी प्रामाणिक असते, तरी दर वेळी एकच पक्ष कसा जिंकतो?

मी सिंगापूरचा नागरिक आहे आणि इथे मतदान केलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोजणीबद्दल माझ्या मनात शंका नाही. विरोधी पक्षांचे प्रतिनिधी समोर असतात. मतपत्रिकेवर क्रमांक असतो, त्यामुळे आपलं मत कुणाला तरी कळेल अशी धास्ती काही जुन्या लोकांना अजून वाटते. पण मतपत्रिका सहा महिने सीलबंद ठेवून नष्ट केल्या जातात. निकालाला वळण लागतं ते त्याच्या कितीतरी आधी.

पीपल्स ॲक्शन पार्टी १९५९ पासून सत्तेत आहे. मे २०२५ मध्ये तिला ६५.६ टक्के मतं पडली आणि ९७ पैकी ८७ जागा मिळाल्या. उरलेल्या दहा वर्कर्स पार्टीच्या.

याचं मोठं कारण म्हणजे गट मतदारसंघ, इथल्या बोलण्यात ‘जीआरसी’. १९८८ पासून ही पद्धत आहे. हल्ली चार किंवा पाच उमेदवारांचा एक गट उभा राहतो, मत अख्ख्या गटाला द्यायचं, जिंकला तर सगळेच खासदार. गटात किमान एक जण मलय, भारतीय किंवा इतर अल्पसंख्य समाजातला हवा. मी भारतीय वंशाचा, त्यामुळे या अटीचं मोल मला कळतं. पण लहान पक्षाने असे पाच जण आणायचे कुठून? शिवाय २०२५ मध्ये अनामत माणशी १३,५०० डॉलर होती. पाच जणांचे ६७,५००, म्हणजे चाळीस लाख रुपयांच्या वर, आणि साडेबारा टक्के मतं पडली नाहीत तर सगळे जप्त. उलट सत्ताधारी गटात एखादा मंत्री असला की त्याच्याबरोबर नवखेही निवडून येतात. विरोधकांना पहिला जीआरसी जिंकायला २०११ उजाडलं. तो अल्जुनिएड.

दुसरं कारण सीमा. त्या आखणारी समिती पंतप्रधान नेमतात आणि तिच्यात सरकारी अधिकारी असतात. २०२५ मध्ये तिचा अहवाल ११ मार्चला आला, मतदान ३ मेला झालं. बुकित बातोकमध्ये २०२० साली विरोधी उमेदवाराने ४५ टक्के मतं घेतली होती. तो मतदारसंघच नकाशावरून गेला. मरीन परेडमध्ये वर्कर्स पार्टीला ४२ टक्के मिळाली होती. तिथल्या सीमा बदलल्या, या वेळी त्यांनी उमेदवारच दिले नाहीत, आणि सव्वा लाखाहून जास्त मतदारांना मत न देताच खासदार मिळाले.

मला सर्वांत जास्त खटकते ती घरांची गोष्ट. इथले सुमारे ऐंशी टक्के लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. १९९७ च्या निवडणुकीत पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी उघड सांगितलं होतं की आम्हाला मतं देणाऱ्या वस्त्यांच्या इमारतींची सुधारणा आधी होईल. आपल्या घराचा प्रश्न आला की माणूस मत देताना दहादा विचार करणारच.

मात्र सगळे दबावाखाली मत देतात असं समजू नका. माझ्या ओळखीचे कितीतरी जण घर, रेल्वे आणि सुरक्षितता पाहून मनापासून याच पक्षाला मत देतात. आणि नव्या सीमा सत्ताधाऱ्यांनाच लाभतात असंही नाही: सेंगकांग जीआरसी २०२० मध्ये नव्याने आखला गेला आणि वर्कर्स पार्टीने तो जिंकला, २०२५ मध्ये राखलाही. सीमा आखणारी समिती पंतप्रधानांच्या हाताबाहेर असावी आणि तिचा अहवाल निदान वर्षभर आधी यावा, ही मागणी मी मतदार म्हणून करत राहीन.