वाचकांचे प्रश्न : परिक्रमेत पाठ टेकायची कुठे?

प्रश्न : मी प्रतापनगर, नागपूर येथे राहते. वय ६१, नुकतीच शाळेतून निवृत्त झाले. कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमा उचलण्याचा, म्हणजे नदीला प्रदक्षिणा सुरू करण्याचा, विचार आहे. यजमानांना गुडघ्यांमुळे येता येणार नाही, त्यामुळे मी एकटीच असेन. रोजचा मुक्काम आधी ठरवून ठेवता येतो का, आश्रमात एकट्या स्त्रीला उतरवून घेतात का आणि पैसे किती द्यावेत, हे कृपया सांगावे.

उत्तर : ताई, मुक्काम आधी ठरवता येत नाही, आणि माझ्या मते ठरवूही नये. आपण नागपूरकर मुक्काम म्हटले की शेगावचे भक्तनिवास डोळ्यांपुढे आणतो : खिडकीवर पावती, हातात किल्ली, पलंगावर धुतलेली चादर. ओंकारेश्वरलाही संस्थानाची शाखा असल्यामुळे पहिली रात्र आपल्याला तशी मिळू शकेल. परंतु संकल्प करून, मैयाला म्हणजे नर्मदेला उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने पश्चिमेकडे निघालात की दोन-तीन दिवसांतच मुक्काम म्हणजे कुठे कुटीचा ओटा, कुठे शाळेची पडवी, कुठे राममंदिराचा सभामंडप तर कुठे एखाद्या शेतकऱ्याची ओसरी, असे होऊ लागते. पंढरीच्या वारीचा अनुभवही येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण वारीत दिंडीचा ट्रक पुढे जाऊन तंबू ठोकतो आणि स्वयंपाकाला लागतो, तर परिक्रमेत पाठीवर जे असेल तेवढेच आपले.

आश्रमाच्या दारात पोहोचल्यावर ‘नर्मदे हर’ म्हणून उभे राहावे. आतून बहुधा एकच प्रश्न येतो, ‘कितने मूर्ति?’ परिक्रमावासींची मोजदाद तेथे मूर्तींवर होते, आणि जो आकडा आपण सांगू त्यावर संध्याकाळची कणीक भिजते. मग आसन, म्हणजे आपले अंथरूण, कुठे लावायचे ते दाखवतात, वहीत नाव, गाव आणि आधार क्रमांक लिहून घेतात, आपल्या वहीत आश्रमाचा शिक्का मारून देतात, आणि त्यानंतर बारा जणांचे बारा फोन भिंतीवरच्या एकुलत्या एक प्लगकडे निघतात.

कणीक अशी मोजून भिजते, म्हणूनच मी दुपारी चारनंतर पुढच्या मुक्कामाचा मोह टाळण्यास सांगतो. मी स्वतः हा धडा बडवानीच्या अलीकडे शिकलो. ‘अजून पाचच किलोमीटर’ असे म्हणत आम्ही तिघे रात्री आठला एका लहानशा कुटीवर पोहोचलो, तेव्हा तेथील वृद्ध बाबा चूल विझवून निजले होते. ते काही न बोलता उठले, चूल पुन्हा पेटवली आणि आमच्यासाठी टिक्कड, म्हणजे जाड रोट, भाजले. मी चार खाल्ले. सकाळी बालभोगाचा, म्हणजे न्याहारीचा, चहा घेताना पाहिले, तर ते पिठाचा डबा उपडा करून तळाशी हात फिरवीत होते आणि नंतर तोच डबा काखेत मारून गावाकडे निघाले. आम्ही वेळेवर पोहोचलो असतो, तर निदान कणीक मागायला त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो असतो.

एकट्या स्त्रीला बहुतेक ठिकाणी आदराने उतरवून घेतात. गावात तर घरातील बायका आपल्याला आतल्या खोलीत नेऊन निजवतात. काही विरक्त साधूंच्या कुटीत मात्र स्त्रियांना रात्री राहू देत नाहीत. तसे झाल्यास वाईट वाटून घेऊ नये, सरपंचांचे घर किंवा शाळा विचारावी. कार्तिकात ओंकारेश्वरच्या घाटावर दोन दिवस थांबलात तर आपल्याच वयाच्या, आपल्याच चालीच्या सोबतिणी सहज भेटतील, कारण परिक्रमा उचलणाऱ्यांत मराठी मंडळी मोठ्या संख्येने असतात. शूलपाणीच्या झाडीतून, म्हणजे दक्षिण तटावरच्या डोंगराळ जंगलातून, जाण्याचा आग्रह मात्र आपण धरू नये. सरदार सरोवराच्या पाण्याखाली तेथील जुनी काठाची वाट गेली आहे आणि आता डोंगराच्या सोंडा चढत-उतरत जावे लागते. त्याऐवजी शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा या वाटेने राजपिपळ्याकडे जावे. अक्कलकुव्यापर्यंतचा सगळा भाग नंदुरबार जिल्ह्यातला, त्यामुळे तोवर हिंदीत बोलून थकलेल्या जिभेला तेवढाच विसावा.

पैशांचा दर कुठेच नसतो. दानपेटी असेल तर निघताना जमेल तेवढे टाकावे. बाबांच्या हातावर नोट ठेवण्याचा प्रयत्न करू नये, अनेकांना ते रुचत नाही. जेथे तयार भोजनप्रसादी नसते तेथे सदाव्रत मिळते, म्हणजे पीठ, डाळ, मीठ, मिरची, क्वचित दोन बटाटे, असा कच्चा शिधा. तो एका वेळेपुरताच घ्यावा आणि शिजवण्यासाठी एक लहान पातेले जवळ बाळगावे.

प्रश्न : मी खासगी कंपनीत नोकरी करतो आणि मला जास्तीत जास्त ९० दिवसांची रजा मिळू शकते. तेवढ्यात पायी परिक्रमा पूर्ण होईल का? न झाल्यास टप्प्याटप्प्याने केलेली चालते का? (मनीषनगर, नागपूर)

उत्तर : अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर आहे. दोन्ही तट धरले तर २६२४ किलोमीटर होतात, आणि धरणांच्या जलाशयांमुळे पडणारे वळसे त्यात धरलेले नाहीत. हा केवळ नदीचा आकडा ९० दिवसांनी भागला तरी रोजचे २९ किलोमीटर पडतात, एकही दिवस न थांबता, ताप न येता, पायाला फोड न येता. शरीर कदाचित निभावेल. पण अशा चालीत रोज अंधार पडल्यावर कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागेल, आणि त्याबद्दल मला काय वाटते ते वर आलेच आहे. परंपरेने परिक्रमेचा काळ ३ वर्षे, ३ महिने, १३ दिवस मानतात आणि चातुर्मासात एकाच जागी राहतात. हल्ली बहुतेक जण चार ते सहा महिन्यांत परततात.

खंड परिक्रमा, म्हणजे टप्प्याटप्प्याने परिक्रमा, करणारे पुष्कळ आहेत. कर्मठ मंडळी तिला परिक्रमा मानत नाहीत. ज्याला घरदार आणि नोकरी सांभाळायची आहे त्याने तेवढ्यावरून थांबावे, असे मला वाटत नाही. जेथे चाल थांबवली तेथूनच पुन्हा सुरू करावी, एवढे मात्र कटाक्षाने पाळावे. आपल्याला नागपूरचा एक फायदा आहे. परिक्रमेत मैया ओलांडायची नसते, आणि आपले शहर नर्मदेच्या दक्षिणेला आहे. म्हणजे दक्षिण तटावर कुठेही चाल थांबवली, समजा नर्मदापुरमला, तर नदी न ओलांडता थेट रेल्वेने घरी येता येते. जबलपूर उत्तर तटावर आहे. तेथून सिवनीमार्गे नागपूरला यायचे तर तिलवारा घाटाच्या पुलावर मैया ओलांडावीच लागते. म्हणून पहिला खंड ओंकारेश्वर ते समुद्र असा दक्षिण तटाचाच ठेवावा. पुढे उत्तर तटाला लागल्यावर एका दमात निदान अमरकंटक गाठता येईल, इतकी रजा साठवून ठेवावी.

प्रश्न : दक्षिण तट संपल्यावर समुद्रातून नावेने उत्तर तटाला जाताना परिक्रमा खंडित होत नाही का? आणि तेथे मुक्कामाची सोय कशी असते? (महाल, नागपूर)

उत्तर : होत नाही. ही नाव नदी ओलांडत नाही, नदी जेथे समुद्राला मिळते त्याच्या पलीकडून वळसा घालून दक्षिण तटावरील विमलेश्वरच्या परिसरातून उत्तर तटावरील मिठी तलाईला पोहोचवते. मुक्कामाच्या दृष्टीने मात्र सगळ्या वाटेत येथेच सर्वाधिक ओढाताण होते. नाव भरतीच्या पाण्यावर सुटते, भरतीची वेळ रोज पुढे सरकते, कधी ती मध्यरात्रीचीही असते, आणि तोपर्यंत मागून येणारे परिक्रमावासी साचत जातात. आसन लावायला हातभर जागा मिळाली तरी पुरेशी मानावी. पोहोचताक्षणी नावेसाठी नाव नोंदवावे, पिण्याचे पाणी भरून घ्यावे, झोळी बांधलेलीच ठेवावी आणि ज्या बाटलीत किंवा कमंडलूत परिक्रमाभर सोबत न्यायचे ओंकारेश्वरचे जल घेतले आहे, ते पात्र सामानात न कोंबता अंगावर बाळगावे, कारण अंधारात चिखलातून नावेकडे जाताना घसरणारे पुष्कळ असतात.

प्रश्न : सराव कसा करावा आणि किती सामान घ्यावे? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : अंबाझरीच्या काठाने रोज सकाळी मोकळ्या हाताने फिरणे हा सराव नव्हे. पाठीवर सहा-सात किलो घेऊन, दोन दिवसांत पायी रामटेक गाठून पाहावे आणि मधली रात्र एखाद्या मंदिराच्या फरशीवर काढावी. सकाळी पाठ काय म्हणते त्यावरून सतरंजी जाड घ्यायची की पातळ, ते ठरवावे. घोंगडी मात्र वगळू नये. पौषात उघड्या ओट्यावर पहाटे तीनला तिची आठवण होते.