फाइल फोडायची, पण कुठून?

तुझी चादर-टॉवेलच्या ऑर्डरींची गूगल शीट पाहिली. मागाचं खातं, रंगाई, पॅकिंग, सगळे एकाच फाइलमध्ये लिहितात, म्हणूनच ती अडकते. एका वेळी १०० जण लिहू शकतात हे खरं, पण फाइल हलकी असेल तरच त्याचा उपयोग.

खात्यागणिक वेगळी फाइल कर. त्याच फाइलमध्ये नुसते टॅब, म्हणजे पानं, वाढवून भागत नाही. १ कोटी सेलची, म्हणजे चौकटींची, मर्यादा अख्ख्या फाइलला असते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात मी हीच चूक केली. खाली हजारो रिकाम्या ओळी, प्रत्येकीत व्हीलुकअप, म्हणजे दुसऱ्या तक्त्यातून माहिती शोधून आणणारं सूत्र. आकडा टाकला की वरची पट्टी सरकत बसायची, तोवर पॅकिंगचा पोरगा तोच आकडा पुन्हा टाकायचा. एक ऑर्डर दोनदा बांधली गेली. ते गठ्ठे परत सोडताना त्याचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

मालकांसाठी गोषवाऱ्याची फाइल वेगळी ठेव. तिच्यात इम्पोर्टरेंजने, म्हणजे दुसऱ्या फाइलमधून आकडे आणणाऱ्या सूत्राने, फक्त बेरजा आण, सगळ्या ओळी ओढू नकोस. प्रत्येक जोडणी वेळ खातेच. ऑर्डर क्रमांक मात्र सगळ्या फाइलींत एकाच पद्धतीने लिहिला जायला हवा. तो आधी सगळ्यांना बसवून ठरव, मगच फाइल फोडायला घे.