पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट सुटत नाहीत, पाइप लावून जोर करू का?

तुम्ही लिहिलंय की मोटरसायकल दीडशे सीसीची, घर गोव्यात मांद्र्याला समुद्राजवळ, चेन सेट बदलायला काढलात आणि पुढच्या स्प्रॉकेटचे (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाचे) १० नंबरचे दोन बोल्ट हलेनात. एकाचं डोकं गोलही झालंय. पान्याचा दांडा लांबवायला पाइप अजिबात लावू नका. आधी बोल्ट कशात बसलाय ते बघा.

अशा दोन बोल्टांच्या रचनेत शाफ्टच्या खाचेत एक पातळ पट्टी अडकवलेली असते आणि ती धरणाऱ्या बोल्टांचे आटे स्प्रॉकेटमध्येच असतात. ते स्प्रॉकेट तुम्ही भंगारातच टाकणार, त्यामुळे बोल्ट तुटला तरी इंजिनाचं काही बिघडत नाही. ही भीती मनातून काढा, हात आपोआप सावकाश चालेल.

मागचं चाक काढलं नसेल तर काढू नका. चेन चढलेली असू दे, गाडी गिअरमध्ये टाका आणि कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा, नाहीतर पान्याबरोबर स्प्रॉकेटच फिरतं. चेनच्या तेलात मुरलेली माती रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने आधी काढा. तो काळा थर असेपर्यंत गंज सोडवणारा स्प्रे आट्यांपर्यंत पोचतच नाही. मग स्प्रे मारून रात्रभर ठेवा.

सकाळी स्प्रे पुसून घ्या, मग चांगला तापलेला सोल्डरिंग आयर्न बोल्टच्या डोक्यावर पाचेक मिनिटं टेकवा, थंड होऊ द्या, परत स्प्रे मारा. ज्योत नको, मागेच तेल अडवणारं रबरी ऑइल सील आहे. आता सहा कोनी गोटी (सॉकेट) घालून आधी किंचित आवळा, मग सोडवा. 'कट्' असा बारीक आवाज आला की गंज फुटला समजा. गोल झालेल्यावर तीन सुताची गोटी हलके ठोकून बसवा. ती साडेनऊ मिलिमीटरची असते, १० च्या झिजलेल्या डोक्याला घट्ट धरते. जोरात ठोकू नका, मार गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो. तरीही हलला नाही तर ग्राइंडरने डोकं उडवा, पट्टी मोकळी होते.

खरी काळजी घ्यायची ती स्प्रॉकेटवरच्या कव्हरच्या बोल्टांची. ते अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिन केसमध्ये बसतात. मी डिचोलीहून मये, चोडणमार्गे फेरीने रायबंदरला उतरायचो. भरतीला धक्क्यावर खारं पाणी चढलेलं, चाकं त्यातूनच जायची. खारं पाणी, स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि आट्यांत ओल्या मिठासारखी पांढरी पूड साचते. घाई केली आणि माझा एक बोल्ट केसला लागून तुटला. लेथवाल्याने ड्रिल करून आत नवे आटे बसवून दिले, पण दोन दिवस गाडी तिथेच पडून होती. या बोल्टांना हीट गन चालते, कारण अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं आणि पकड ढिली होते. स्प्रे ज्वलनशील असतो, तो पुसून मगच गरम करा.

बसवताना कव्हरच्या आट्यांना कॉपर ग्रीसचा पातळ हात द्या आणि पाना बेताने आवळा. स्प्रॉकेटच्या नव्या बोल्टांना ग्रीस नको, आटे सैल होऊ न देणारं निळं थ्रेडलॉकर एक थेंब. पावसाळा संपला की मी कव्हर उघडून बोल्ट पुसतो, परत ग्रीस लावतो. आता ते साध्या टी-पान्याने निघतात.