पिल्लांच्या भरवशावर सोनं गहाण ठेवू नका

कराडहून एका वाचकांनी लिहिलंय : "आमचा डॉबरमन सहा वर्षांचा आहे. मागचे पाय लटपटतात, मान खाली धरून चालतो. डॉक्टरांना वॉबलरचा, म्हणजे मानेत मज्जारज्जू दाबला जाण्याच्या आजाराचा संशय आहे. पुण्यात एमआरआयचे २० हजार आणि ऑपरेशनचे १.८० लाख सांगितलेत. पगार ५५ हजार, घरखर्च ३५ हजार, बँकेत तीन लाखांची एफडी. एफडी मोडू की बायकोच्या सोन्यावर कर्ज काढू? एजंट म्हणतो, आत्ताच पेट इन्शुरन्स घ्या. या डॉबरमनचीच दोन वर्षांची मादी घरी आहे. तिला आठ पिल्लं झाली आणि पंधरा हजारांनी विकली, तर दोन वेतांत कर्ज फिटेल."

मी त्या शेवटच्या वाक्यापाशीच थांबलो.

सहा पिल्लं जगली आणि दहा हजारांनी गेली, तर ६० हजार. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. तोवरचं खाणं, जंताचं औषध, लस, नराचे पैसे धरून ३५ हजार जातात. उरले २५. कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७च्या नियमांनुसार नोंदणी लागते आणि वर्षात एकच वेत घेता येतं, म्हणजे दोन वर्षांत ५० हजार. दोन लाखांच्या सोनेतारणाचं दहा टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याजच ४० हजार. मुद्दल जवळपास जागच्या जागी.

आणि पैसे सुटत असते तरी मी नकोच म्हटलं असतं. डॉबरमनमध्ये हा दोष वंशातून येतो. मानेतल्या मणक्यांची पोकळी मुळातच अरुंद असते. वय वाढलं की मानेच्या खालच्या मणक्यांमधली चकती फुगून मज्जारज्जूला दाबते. त्रास दिसतो तो बहुतेकदा वयाच्या चार वर्षांनंतर. त्यामुळे मादी आज अंगणभर उड्या मारते, याला काही अर्थ नाही. म्हैस घेताना आपण तिच्या आईचं दूध विचारतो. उद्या गिऱ्हाइकानं पिल्लाच्या आजोबाचे पाय विचारले, तर काय सांगाल? त्या मादीची नसबंदी करून घ्या.

एजंटला दारातूनच परत पाठवा. आधीच दिसलेला आजार नव्या पॉलिसीत बसत नाही. लपवून काढलीत तर हप्ताही जाईल, क्लेमही.

आता तुमचा प्रश्न. सोनं कपाटातच राहू द्या. पुण्याच्या वाटेवर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं दुसरं मत घ्या. मग फक्त एमआरआय करा. ऑपरेशननंतर बरीच कुत्री सुधारतात, पण काहींना पुढे शेजारच्या चकतीचा तोच त्रास होतो. हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. करायचं ठरलं तर एफडीच मोडा. एक लाख उरेल, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांचा खर्च. दरमहा दहा हजारांची आरडी लावा, वीस महिन्यांत दोन लाख पुन्हा उभे राहतील.

त्याची बाकीची पिल्लं ज्यांच्याकडे गेली, त्यांना आजच फोन करा. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस वापरा म्हणावं, आणि चाल बदलली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.