हात आधी, रेषा नंतर

प्रश्न : माझा मुलगा शाळेच्या सायकल शर्यतीत रेषेच्या जरा आधी हात वर करून दुसरा आला. घरी सगळे हसले. मोठे सायकलपटूही असं करतात का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, त्याला हसू नका. 4 ऑक्टोबर 2020, बेल्जियममधली लिएज-बास्तोन-लिएज ही मोठी सायकल शर्यत. फ्रान्सचा सायकलपटू ज्युलियन आलाफिलिप आठवड्यापूर्वीच जगज्जेता झालेला, अंगात जगज्जेत्याची इंद्रधनुषी जर्सी. रेषा हाताशी आली आणि गडी सरळ होऊन हात पसरून बसला! तेवढ्यात स्लोव्हेनियाच्या प्रिमोझ रोग्लिचनं हात लांब करून सायकल पुढं ढकलली नि पुढचं चाक आधी घातलं. वर, शेवटच्या धावेत इतरांच्या आडवं गेल्याबद्दल आलाफिलिपला पाचव्या क्रमांकावर ढकललं ते वेगळंच.

ताशी 60 किलोमीटरला सेकंदाच्या दहाव्या भागात दीड मीटरहून जास्त अंतर जातं. हात वर केले की पाय थांबतात, छाती वारा अडवते. 2004 साली इटलीतल्या मिलान-सान रेमो शर्यतीत जर्मनीच्या एरिक झाबेलचंही असंच झालं, स्पेनचा ऑस्कर फ्रेरे जिंकला.

मीही तरुणपणी एकदा हे केलंय. बक्षिसाचा स्टीलचा डबा दुसऱ्याच्या घरी गेला, आईनं वर्षभर ऐकवलं.

मुलाला रेषेपुढच्या झाडापर्यंत पायडल मारायला सांगा.