विंडोज, मिंट आणि साडेपाच तास मागे पडणारे घड्याळ

प्रश्न : दोन निवृत्त मित्रांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग प्रणाली टाकून दिली. आता विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडते, मिंटमधून ‘डी’ ड्राइव्हवर फाइल सेव्ह होत नाही आणि विंडोज अपडेट अर्धवट असतानाच मशीन मिंटमध्ये जाऊन बसते. तिसरा मित्रही मागे लागला आहे. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : साडेपाच तासांवरूनच दुखणे कळते. मदरबोर्डवरच्या घड्याळात मिंट जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते, म्हणून सकाळी १० वाजता तिथे पहाटेचे ४.३० दिसतात. मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही कमांड इंग्रजी छोट्या लिपीत, हायफनसकट द्या. मग विंडोजची वेळ एकदा सिंक करा.

‘डी’ ड्राइव्हचा दोष फास्ट स्टार्टअपचा, म्हणजे विंडोज लवकर सुरू व्हावे म्हणून केलेल्या सोयीचा. शट डाउन केले तरी विंडोज पुरते बंद होत नाही, निम्मे झोपते; अशी ड्राइव्ह मिंट फक्त वाचण्यापुरती उघडते. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांच्या सेटिंगमधली ती खूण काढा. मोठ्या अपडेटनंतर पुन्हा पाहा, कधीकधी ती परत आलेली असते.

तिसरी भानगड ग्रब मेनूची, म्हणजे मशीन सुरू होताना विंडोज की मिंट असे विचारणाऱ्या यादीची. अपडेट करताना विंडोज दोन-तीनदा रीस्टार्ट होते, मेनूत पहिले नाव मिंटचे, आणि मित्र तोवर चहाला गेलेला. ‘एटसी’तल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातील ‘ग्रब’ फाइलमध्ये ‘ग्रब डिफॉल्ट’पुढे ‘सेव्हड’ लिहा, खाली ‘ग्रब सेव्हडिफॉल्ट’ला ‘ट्रू’ करा. नावांतल्या शब्दांमध्ये अंडरस्कोअर हवा. शेवटी ‘सुडो अपडेट-ग्रब’. आता मागच्या वेळी निवडलेली प्रणालीच सुरू होईल. टाइमआउट, म्हणजे मेनू निवडीसाठी थांबतो तो वेळ, ३० सेकंद ठेवा, दहात चष्मासुद्धा सापडत नाही.

तिसऱ्या मित्राला आधी विचारा, विंडोजशिवाय अडेल असे काम कोणते? यूट्यूब आणि पत्रलेखनच असेल, तर एकच प्रणाली बरी. दोन्ही हव्याच असतील, तर फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. सिक्युअर बूटला (मशीन सुरू होताना फक्त खात्रीची प्रणाली चालू देणाऱ्या सेटिंगला) हात लावला की विंडोज ती मागू शकते आणि ती नसेल तर डेटा गेला. जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा. मिंटला किमान २० जीबी लागते, पण ६० च्या खाली जाऊ नका.